ईसागडचे सेनापती जाँ बाप्तिस्त फिलोज आणि त्यांचे घराणे

मध्य प्रदेशातील अशोकनगर जिल्ह्यात ईसागड नावाचे एक तालुक्याचे गाव आहे. ज्या चंदेरी गावाच्या साड्या आपल्या घरोघरी ठाऊक आहेत ते चंदेरी याच जिल्ह्यात आहे, आणि कविवर्य भा. रा. तांबे यांचे जन्मगाव मुंगावली हेही याच जिल्ह्यातले. ईसागडचे पूर्वीचे नाव बहादूरगड. खीची रजपुतांच्या ताब्यातील हे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंदे यांच्या फौजेने जिंकून घेतले आणि त्या फौजेच्या सेनापतीने त्याला प्रभू येशूचे नाव दिले. उत्तर हिंदुस्थानात येशूला ईसा म्हणतात, म्हणून ईसागड. हे नाव देणारा कोणी धर्मगुरू वा मिशनरी नव्हता, इंग्रज अधिकारीही नव्हता. तो मराठ्यांच्या पदरचा, मराठ्यांचे निशाण मिरवणारा एक कॅथोलिक सरदार होता. त्यांचे नाव जाँ बाप्तिस्त फिलोज, आणि त्यांचे घराणे मूळचे इटलीतील नेपल्सचे.

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागातील वाचकांना ग्वाल्हेर दूरचे वाटेल, परंतु इतिहासात ते तितकेसे दूर नव्हते. सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत यांनी १७६३ साली जयाप्पा शिंदे यांची कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी विवाह केला, आणि त्या नात्यामुळेच दिल्लीच्या बादशहाकडून वाडीकरांना राजे बहादूर हा किताब मिळाला. महादजी शिंदे यांचे विश्वासू सेनानी जिवबादादा बक्षी हे पेडण्यातील केरीचे. लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस हे शिंदेशाहीतील मोठे कारभारीही आपल्याच किनारपट्टीच्या सारस्वत समाजातले. म्हणजे ज्या छावणीत फिलोज घराण्याचे दैव उघडले, त्याच छावणीत कोकणी मुलखातील माणसे फडावर बसून हिशेब लिहीत होती आणि रणावर पथके चालवीत होती. दोघेही आपापले गाव मागे टाकून आलेले, दोघांचाही धनी एकच.

शिंद्यांना परदेशी अधिकारी हवे होते ते कवायती फौजेसाठी. १७८४ साली महादजींनी बन्वा द ब्वान्य या गृहस्थाला चाकरीत घेतले. हा सव्हॉय प्रांतातील शांबेरीचा. त्याने उभारलेल्या पलटणी, त्यांच्या बंदुका, ओढून नेण्याच्या तोफा, ठरलेल्या वेळी मिळणारा पगार, या साऱ्यांमुळे महादजींचे सामर्थ्य कमालीचे वाढले. १७९० साली पाटण आणि मेडता येथे व १७९३ साली लाखेरी येथे या फौजेने निर्णायक विजय मिळवले. अशा शिस्तबद्ध तुकड्यांच्या समुदायाला मराठीत कंपू म्हणू लागले. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. आज आपण तो टवाळांच्या टोळक्याला लावतो, पण ग्वाल्हेर शहरात कंपू नावाची एक वस्ती अजून आहे आणि तिथे त्या शब्दाचा मूळ मान टिकून आहे.

कंपूंची कीर्ती ऐकून युरोपातील नाना देशांची माणसे शिंद्यांच्या दाराशी येऊ लागली. त्यांत काही अस्सल सैनिक होते, बरेचसे नशीब काढायला निघालेले भटके होते. मायकल फिलोज हा दुसऱ्या वर्गातला. तो नेपल्सचा. त्याच्या मागे घराण्याचा लौकिक नव्हता, शिक्षण बेताचेच होते. मायदेशी तो खेचरे हाकण्याचा धंदा करीत असे, असे त्याच्याविषयी लिहिणाऱ्या इंग्रजांनी नोंदवून ठेवले आहे. या नोंदीत उपहास आहे हे उघड आहे. मला मात्र त्यात लाजिरवाणे काही दिसत नाही. आपल्या गोव्या-कोकणातूनही बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्या माणसांनी पुढे घराणी उभी केली. मायकलच्या नावावरचा खरा डाग खेचरांचा नाही, तो दिलेल्या शब्दाचा आहे.

महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. त्यांचे वारस दौलतराव त्या वेळी अवघे चौदा-पंधरा वर्षांचे. त्यांच्याभोवती कागलच्या सर्जेराव घाटग्यांसारखी माणसे जमली. इकडे दुसरे बाजीराव पेशवेपदावर आले होते आणि त्यांना नाना फडणवीस यांच्या जरबेतून मोकळे व्हायचे होते. नाना सावध होते. ते कोणाच्या छावणीत सहजी पाऊल टाकीत नसत. दौलतरावांच्या भेटीस येण्याविषयी त्यांना आग्रह झाला तेव्हा त्यांच्या मनात शंका होतीच. ती दूर करण्यासाठी मायकल फिलोजने पुढे होऊन त्यांच्या सुरक्षित परतीची हमी दिली. गोरा अधिकारी दिलेला शब्द मोडत नाही अशी त्या काळी दरबारांत एक समजूत होती, आणि नानांसारख्या मुरब्बी पुरुषानेही तिच्यावर विसंबून छावणी गाठली.

तो दिवस ३१ डिसेंबर १७९७. नाना छावणीत येताच मायकलच्याच पलटणींनी त्यांना वेढून कैद केले. त्यांच्यासोबत आलेल्या सुमारे एक हजार लोकांना लुटले गेले. त्याच वेळी घाटग्यांची माणसे पुण्यात शिरली आणि नानांच्या व त्यांच्या पक्षातील गृहस्थांच्या वाड्यांवर तुटून पडली. ती रात्र आणि दुसरा दिवस पुणे शहरात गोळीबार आणि लुटालूट चालू होती. नव्या वर्षाचा पहिला दिवस पुणेकरांना असा उजाडला. नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली.

या कृत्याला क्षमा करण्याजोगे कारण मला तरी सापडलेले नाही. धन्याची आज्ञा होती हे खरे, परंतु शब्द धन्याने दिला नव्हता, मायकलने दिला होता. १७९८ साली दौलतरावांनी मोठी रक्कम घेऊन नानांना मोकळे केले, आणि नाना पुन्हा कारभारावर येणार असे दिसताच मायकल फिलोज मुंबईला पळून गेला. इंग्रजांच्या आश्रयाला त्याचा जीव वाचला. मागे राहिल्या त्याच्या पलटणी आणि त्याचे दोन मुलगे. थोरला फिडेल आणि धाकटा जाँ बाप्तिस्त.

बाप्तिस्त म्हणजे स्नानसंस्कार देणारा. बाप्तिस्ता योहान या संताचेच हे नाव फ्रेंच वळणाने लिहिलेले आहे. आपल्या लोकांत ते आडनाव म्हणून परिचित आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बाप्तिस्ता यांच्यामुळे तर साऱ्या महाराष्ट्राला. असे पवित्र नाव मिळालेल्या या तरुणाला बापाकडून वारसा मिळाला तो मात्र कलंकित आडनावाचा, पगार थकलेल्या शिपायांचा आणि ज्या दरबारात बापाचे नाव काढताच लोक नजर फिरवतील अशा दरबारातील नोकरीचा.

थोड्याच काळात आणखी एक घाव बसला. ऑक्टोबर १८०१ मध्ये इंदूरजवळ यशवंतराव होळकर आणि शिंदे यांच्या फौजांत लढाई झाली. त्यानंतर शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून फिडेलला कैद करण्यात आले. कैदेतच त्याने स्वतःच्या हाताने गळा कापून घेतला. बाप विश्वासघातकी म्हणून पळालेला, भाऊ फितुरीच्या आरोपाखाली असा गेलेला. जाँ बाप्तिस्त यांनी त्या वेळी काय विचार केला असेल याची कल्पनाच करावी लागते. त्यांनी केले काय ते मात्र आपल्यासमोर आहे. ते राहिले.

हे राहणे किती विलक्षण होते ते पुढच्या दोन वर्षांत दिसून आले. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले. द ब्वान्य तर त्यापूर्वीच अपार संपत्ती घेऊन युरोपला परतला होता आणि पुढे शांबेरीत दानशूर म्हणून गाजला. त्याच्या जागी आलेला फ्रेंच सेनापती पेराँ याने ऐन युद्धात शिंद्यांची चाकरी टाकली आणि आपली माया सांभाळीत इंग्रजांच्या मुलखात निघून गेला. शिंद्यांच्या सेवेतील इंग्रज अधिकाऱ्यांना गव्हर्नर जनरल वेलस्लीने पेन्शनचे आमिष दाखवले आणि त्यांतील बरेच जण गेले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर फिलोजांच्या चार पलटणी ड्युपाँ नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली लढल्या. बाप्तिस्त स्वतः तेथे नव्हते. शिंद्यांचा पराभव झाला. ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात फ्रेंचांना किंवा इंग्रजांच्या इतर शत्रुराष्ट्रांच्या प्रजाजनांना शिंद्यांनी चाकरीत ठेवू नये असे एक कलम होते. गोऱ्या सरदारांचा तो जमाना संपला. नेपल्सच्या खेचरवाल्याचा मुलगा मात्र शिंद्यांच्या छावणीतच राहिला, आणि जे कंपू उरले होते त्यांचा तो हळूहळू प्रमुख झाला.

यानंतरची सुमारे पंधरा वर्षे ही बाप्तिस्त यांच्या पराक्रमाची. १८०८ साली श्योपूरचा मुलूख दौलतरावांकडे आला आणि त्यांनी तो बाप्तिस्त यांना दिला. हा श्योपूर जिल्हा आज कुनोच्या अभयारण्यामुळे ठाऊक झाला आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडले ते तिथेच. श्योपूरचा किल्ला गौड रजपुतांचा होता. बाप्तिस्त यांच्या हल्ल्यांना तो दाद देईना, तेव्हा त्यांनी वेढा आवळून आतील लोकांची रसद तोडली. अखेर १८०९ साली गौडांचा राजा राधिकादास याने किल्ला स्वाधीन केला. त्यानंतर तो किल्ला हेच फिलोज कुटुंबाचे घर झाले. तेथे टांकसाळ चालू झाली आणि तिच्या नाण्यांवर तोफेचे चिन्ह असे. लोक त्या नाण्यांना तोपशाही म्हणत. ज्याची सारी प्रतिष्ठा तोफखान्यावर उभी होती त्याला हे चिन्ह शोभणारेच होते.

१८१० साली गढाकोट्याच्या अर्जुनसिंह राजाने नागपूरकर भोसल्यांविरुद्ध शिंद्यांकडे मदत मागितली. दौलतरावांनी बाप्तिस्त यांना धाडले. त्यांनी नागपूरची फौज हटवली आणि मदतीचा मोबदला म्हणून गढाकोट्यासह मोठा मुलूख शिंद्यांकरिता ठेवून घेतला. राजाकडे शाहगड तेवढे उरले. १८११ साली चंदेरीच्या बुंदेल्यांचा पाडाव झाला. त्याच काळात दौलतरावांची फिरती छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली, तंबूंच्या जागी घरे उठली आणि लष्कर नावाचे शहर वसले.

पराक्रमाच्या या यादीने आपण भारावून जाऊ नये. त्या काळी फौजेचा पगार खजिन्यातून क्वचितच येई. सेनापतीला एखादा परगणा तोडून दिला जाई आणि त्यातून वसुली करून शिपायांचे पोट भरावे, अशी रीत होती. पगार थकला की शिपाई सेनापतीच्याच दाराशी धरणे धरून बसत. साहजिकच नवा मुलूख जिंकणे ही हौस नव्हती, ती गरज होती आणि तिचा भार शेवटी शेतकऱ्याच्या कोठारावर पडे. बाप्तिस्त यांची फौज यातून सुटलेली नव्हती. जिंकलेल्या गावाला येशूचे नाव देणाऱ्या सरदाराच्या शिपायांनी त्या गावच्या रयतेशी कसे वर्तन केले असेल, हा प्रश्न एका धर्मगुरूच्या मनात येणारच.

खीचींचा राजा राघोगडचा जयसिंह याच्याशी झालेला झगडा तर अतिशय कडवट होता. बाप्तिस्त यांनी त्याचा मुलूख घेतला, पण माणूस हाती लागेना. राज्य गेलेला हा राजा थोड्या स्वारांनिशी रानावनांतून फिरत राहिला, आज इथे तर उद्या तिथे छापे घालीत राहिला. एकदा बाप्तिस्त दूर असताना त्याने अचानक श्योपूरचा किल्लाच गाठला, आणि किल्ल्यासोबत फिलोज यांचे कुटुंब त्याच्या हाती सापडले. ज्याने दुसऱ्याचे घर घेतले त्याच्याच घरावर वेळ आली. १८१८ साली जयसिंह वारला. त्याच सुमारास पेंढारी युद्ध संपून साऱ्या मध्य हिंदुस्थानावर इंग्रजांचा अंमल पसरला, आणि मुलूखगिरीचे दिवस कायमचे सरले.

बाप्तिस्त यांचे मोठेपण मला त्यांच्या लढायांपेक्षा या चिकाटीत दिसते. ज्या दरबारात बापाने शब्द मोडला, भावाचा अंत झाला, तेथेच त्यांनी आयुष्य काढले. दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी वारले, मग बायजाबाईंचा कारभार झाला, मग जनकोजीराव आले. धनी बदलले, फिलोजांची चाकरी सुटली नाही. बायजाबाई या तर सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. एकाच कटात वावरलेल्या दोन माणसांची मुले पुढे त्याच राज्याचा आधार झाली, हा योगायोग इतिहासकारांनी फारसा टिपलेला दिसत नाही.

२९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी ग्वाल्हेरच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारचे सैन्य ९ हजारांवर आणले गेले, त्यांतही पायदळ ३ हजारांहून अधिक नसावे असे ठरले. कंपूंचा अध्याय तेथे मिटला. तलवारीवर जगलेल्या घराण्याला आता दुसरा व्यवसाय शोधणे भाग होते. फिलोज तरीही ग्वाल्हेर सोडून गेले नाहीत. पुढच्या पिढ्या राज्याच्या कारभारात शिरल्या, आणि त्यांतून या घराण्यातील दुसरा कीर्तिमान पुरुष पुढे आला. ते सर मायकल फिलोज, पळून गेलेल्या मूळ पुरुषाचेच नाव धारण करणारे.

सर मायकल यांचा जन्म १८३६ चा. जयाजीराव शिंदे यांच्या राजवटीत त्यांनी ग्वाल्हेरचा जयविलास महाल बांधला. १८७४ साली तो पूर्ण झाला. खर्च सुमारे एक कोटी रुपये आला असे सांगतात. इंग्लंडच्या युवराजांचे स्वागत या नव्या महालात व्हावे अशी महाराजांची इच्छा होती. महालाच्या एकेका मजल्याला युरोपीय शिल्पाची वेगळी पद्धत आहे, टस्कन, डोरिक, कोरिंथियन अशी. त्यांतली टस्कन तर इटलीतलीच. दरबार दिवाणखान्यात टांगलेली दोन प्रचंड झुंबरे प्रत्येकी साडेतीन टन वजनाची आहेत. छत ती पेलेल की नाही याची खात्री करून घेण्यासाठी आधी छतावर हत्ती चढवले होते, ही हकीगत तेथील मार्गदर्शक प्रत्येक पाहुण्याला सांगतो. सर मायकल १९२५ साली निवर्तले. महालाचा काही भाग १९६४ पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला आहे. पणजोबाच्या हयातीत ज्या वंशाचे नाव नानांच्या कैदेशी जोडले गेले, ते आता देशभरातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या कानी एका देखण्या इमारतीच्या निमित्ताने पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मायकल फिलोज नेपल्समधून निघाला तेव्हा इटली नावाचे राष्ट्र अस्तित्वातच नव्हते. तिथे वेगवेगळी राज्ये होती आणि त्यांचे एकीकरण होऊन इटलीचे राज्य घोषित झाले ते १८६१ साली. तोवर फिलोज घराण्याने ग्वाल्हेरचे मीठ अर्धशतकाहून अधिक काळ खाल्ले होते. त्यांना इटालियन म्हणायचे ते आपल्या सोयीसाठी. त्यांचे राज्य एकच होते, शिंद्यांचे. धर्म मात्र त्यांनी सोडला नाही आणि मराठी दरबारानेही तो सोडावा असा हट्ट धरला नाही. ग्वाल्हेरच्या राजवटीत दसऱ्याच्या मिरवणुकीला हजेरी लावणारा सरदार नाताळला मिस्सेला जाऊ शकत होता, हे त्या दरबाराच्या पदरी घालायलाच हवे.

आपल्याकडे अजूनही अधूनमधून एक प्रश्न कानी येतो. आडनाव फर्नांडिस किंवा डिसोजा, म्हणजे पूर्वज पोर्तुगीज का? मालवणच्या मासळीबाजारात ज्यांच्या सात पिढ्या गेल्या त्यांनाही हे ऐकावे लागते. उत्तर साधे आहे. आपल्या पूर्वजांना स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरूचे वा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. रक्त येथलेच, गाव येथलेच, भाषा येथलीच. फिलोजांचे प्रकरण याच्या अगदी उलट आहे. त्यांचे आडनावही परके आणि मूळ पुरुषही परका. तरीसुद्धा दीडशे वर्षे त्यांनी एकाच मराठी राज्याची सेवा केली, त्याच्या रणात ते लढले, त्याचा महाल त्यांनी बांधला. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना परके म्हणायचे, तर मग येथले कोणाला म्हणायचे, याचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्यांनी द्यावे.

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर संस्थान मध्यभारत संघात विलीन झाले आणि शिंद्यांच्या चाकरीची ही परंपरा आपोआप संपली. फिलोज आडनावाची माणसे आजही भारतात आहेत. इतर कोणत्याही भारतीय कुटुंबासारखी ती नोकरी करतात, मुले शिकवतात, रविवारी मिस्सेला जातात. श्योपूरचा किल्ला आता त्यांचा नाही. ईसागडचे नाव मात्र कोणी बदललेले नाही.